मुख्य पेठेत पाइप टाकण्याआधी या चुका टाळा

छोट्या शहराच्या मध्यभागासाठी पाणी-सांडपाण्याचा आराखडा करायचा म्हटलं की जुना नकाशा पसरायचा, त्यावर लाल-निळ्या रेघा ओढायच्या आणि अंदाजपत्रक जोडून मोकळं व्हायचं, असं सर्रास चालतं. जमिनीखाली खरंच काय आहे ते बघायची कोणाची तयारी नसते. पुढचे बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

नकाशातली तळपातळी, म्हणजे चेंबरच्या आतल्या तळाची उंची, खरी धरणं. या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. एका कामात मुख्य रस्त्याची 90 मीटर नवी मलवाहिनी जुन्या चेंबरला जोडायची होती. पाइप 150 मिलिमीटरचा, उतार 180 ला 1, म्हणजे एकूण उतार जेमतेम अर्धा मीटर. जुन्या चेंबरची तळपातळी नकाशावरूनच उचललेली. रस्ता फोडला, चर खणला, वरच्या टोकाकडून पाइप बसत आले आणि शेवटी चेंबरचं झाकण उघडलं, तर त्याचा तळ नकाशापेक्षा अर्धा मीटर वर! सगळा उतार तिथेच संपला. वरचं टोक उचलावं तर तळघरांच्या जोडण्या खाली राहतात. शेवटी पंप बसवावा लागला. त्याची वीज आणि देखभाल आता कायमची मागे लागली. तोवर दुकानांसमोर चर उघडाच.

झाकण उघडून लेव्हल घ्यायला एक सकाळ पुरली असती. जोडणीच्या प्रत्येक चेंबरची पातळी प्रत्यक्ष मोजल्याशिवाय मी उताराची रेघ ओढत नाही. मोजमाप वरूनच, मापाची उभी पट्टी आत सोडून करायचं. ‘दोन मिनिटांत उतरून बघतो’ म्हणणाऱ्याला मी साइटवरून परत पाठवतो. आतला विषारी वायू आणि कमी ऑक्सिजन माणसाला वर यायची संधी देत नाहीत. शिवाय जुन्या जलवाहिन्या आणि केबल जिथे आडव्या येतात, तिथे आधी हाताने चाचणी-खड्डे घ्यायचे.

‘पुढचा विचार करून’ मोठा पाइप. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण मलवाहिनीत घाण वाहून जायला साधारण सेकंदाला 0.6 मीटर वेग लागतो, आणि मोठ्या पाइपात थोडं पाणी उथळ पसरतं, रेंगाळतं, गाळ बसतो. पिण्याच्या पाण्याचंही तेच. मोठ्या वाहिनीत पाणी शिळं होतं, क्लोरीन उतरतो. भविष्यातली वाढ धरा, पण आजचा सगळ्यात कमी प्रवाह किती तेही तपासा. नवखे फक्त कमाल आकडा बघतात.

पावसात चेंबर उफाळतात म्हणून पाइप बदलायला निघालात? थांबा. आधी छपरांचं पाणी कुठे जातं ते पन्हळीत रंग टाकून बघा. पन्हळी मलवाहिनीला जोडलेल्या निघाल्या, तर आधी त्या जोडण्या तोडा.

पाणी कमी पडतं म्हणून नवी टाकी? रात्री 2 ते 4 दरम्यान टाकीतून किती पाणी जातं ते आधी मोजा. पेठ झोपलेली असताना मीटर जोरात फिरत असेल तर बहुधा गळती आहे, आणि नव्या टाकीने ती थांबत नाही.

जलवाहिनी आणि मलवाहिनी एका चरात टाकून खोदाई वाचवू नका. पुरवठा बंद झाला की गळक्या सांध्यातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. दोन्हींत आडवं अंतर ठेवा. एकमेकींना ओलांडतील तिथे जलवाहिनी वर.

खानावळींना तेल अडवणारी टाकी सक्तीची करा.

व्हॉल्व्हच्या झाकणांवर डांबर चढू देऊ नका.

आणि रस्त्याचं काँक्रीट शेवटी. त्याआधी प्रत्येक मिळकतीच्या हद्दीपर्यंत दोन्ही जोडण्यांची तोंडं काढून ठेवा, रिकाम्या प्लॉटचीही. त्यांची मापं पक्क्या खुणांपासून घेऊन लिहून ठेवा, तीही चर बुजवण्याआधी, त्याच दिवशी.