दवाखान्यातल्या स्टाफला हलवायचं कसं?

मी कोल्हापुरात एका खासगी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. ‘स्टाफच्या फिटनेसचं काहीतरी बघा’ असं वरून आलं की सगळ्यांना आधी मोबाईलवर पावलं मोजायची स्पर्धा सुचते. ती घेऊ नका. पहिला नंबर वॉर्डातल्या मावशींचाच येणार, त्या दिवसभर पळतच असतात. बिलिंगवाले खुर्चीतूनच टाळ्या वाजवणार.

आधी कोणाला काय कमी पडतंय ते बघा. बिलिंग, रेकॉर्ड, फार्मसी ही बसून राहणारी मंडळी, त्यांना चालणं हवं. ओटीतले (ऑपरेशन थिएटरमधले) तासन्‌तास एका जागी उभे, त्यांच्या पोटऱ्या भरून येतात. सिस्टर, ब्रदर, मामा-मावशी चालतात भरपूर, पण पेशंट बेडवरून स्ट्रेचरवर घेताना यांचीच कंबर धरते, मांड्यांत ताकद नसली तर जास्तच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस ताकदीचा. हे दुसरं सगळे विसरतात.

वेळ ड्युटीतलाच द्या, यावर मात्र अडून बसा. दोनला सुटलेल्या सिस्टरला कागलची एसटी गाठायची असते, घरी भाकऱ्या थापायच्या असतात; ती तुमच्या योगा क्लासला कशाला थांबेल? दुपारी दोनला दोन्ही शिफ्टची माणसं वॉर्डात असतात. हँडओव्हर झालं की पाच मिनिटं घ्या, एक सिस्टर पेशंटजवळ ठेवून. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठ-बस, भिंतीला हात लावून दहा जोर, टेबल धरून वीस वेळा टाचा वर. साडीतही जमतं, चटई लागत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्ची जरा उंच घ्यावी.

शिकवायला बाहेरचा ट्रेनर नको. कुस्तीच्या खासबाग मैदानाच्या गावात बैठका मी शिकवायच्या म्हणजे अवघडच! आमच्याकडचे एक मामा तालमीत वाढलेले. पाय फाकवून, गुडघ्यात वाकून, पाठ ताठ ठेवून ते बैठक दाखवतात आणि म्हणतात, “पेशंट असाच उचलायचा, पोरांनो. अंगाजवळ घ्या, कंबरेत वाकू नका.” माझ्या चार्टकडे न बघणारी पोरं त्यांच्यासमोर रांगेत उभी राहतात.

तरण्या पोरांना टर्फवर फुटबॉल द्या. फक्त टीम पेठांप्रमाणे पाडू नका, मॅच राहील बाजूला आणि पेठापेठांची चुरस सुरू होईल! लॅब, ओटी, अकाउंट्स असे मिसळा.

रात्रपाळी सुटलेल्यांना रंकाळा तलावावर फिरायला पाठवू नका, त्यांना झोपू द्या.

बिलिंगवाल्यांसाठी एकच उपाय खात्रीचा: प्रिंटर टेबलावरून उचलून दूरच्या कोपऱ्यात ठेवा. पहिला आठवडा शिव्या खायची तयारी ठेवा.