'श्रूडली' म्हणजे धूर्तपणे? या चुका टाळा

बेळगावच्या शहापुरात संध्याकाळी मी इंग्रजीची शिकवणी घेतो. 'श्रूडली' (shrewdly) म्हणजे काय, असं विचारलं की निम्मा वर्ग एका सुरात सांगतो, "धूर्तपणे की सर!" शब्दकोशात तसं असतं खरं, पण तेवढ्यावर भागत नाही.

आमची मामी साडी घ्यायला खडेबाजारात जाते. भाव ऐकला की हातातली साडी खाली ठेवते आणि काही न बोलता पायरी उतरते. मग दुकानदारच हाक मारतो. हे झालं 'शी बार्गेन्ड श्रूडली'. यात मामीचं कौतुक आहे. तिला तोंडावर धूर्त म्हणून बघा, त्या घरात पुन्हा चहा मिळायचा नाही! इथं 'चाणाक्षपणे' म्हणा. हा शब्द कन्नडमध्येही आहे, त्यामुळं कन्नड माध्यमाच्या पोरांनाही फोड करून सांगावी लागत नाही.

मग 'धूर्त' हा अर्थ आला कुठून? 'श्रू' म्हणजे चिचुंद्रीसारखा बारका प्राणी. त्याच शब्दातून पुढं दुष्ट माणूस असाही अर्थ निघाला आणि 'श्रूड' म्हणजे आधी दुष्टच होतं. कौतुकाचा अर्थ नंतरचा. 400 वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तर बोचरी थंडीसुद्धा 'श्रूडली' चावायची, आपल्या बेळगावच्या डिसेंबरासारखी. जुनं वाचताना हे ध्यानात ठेवा, लिहिताना मात्र आजचाच अर्थ धरा.

दलालानं काटा मारला तर ते 'कनिंगली', कारण त्यात फसवणूक आहे. आजोबांनी भावकीचा बांधाचा वाद मिटवला तर 'वाइजली'. आपला फायदा नेमका ओळखून, समोरच्याला न फसवता डाव टाकला, तरच 'श्रूडली'.

'ही इज व्हेरी श्रूडली' ही चूक दर वर्षी येते. 'तो चाणाक्षपणे आहे' असं मराठीत तरी कोण म्हणतं? तिथं नुसतं 'श्रूड' हवं. स्पेलिंगमधला 'डी' खाऊ नका आणि उच्चार 'श्रेवडली' करू नका.

जागा बदलली की अर्थही सरकतो, हे फारसं कुणी सांगत नाही. 'शी श्रूडली रिफ्यूज्ड' म्हणजे नकार दिला यातच तिची हुशारी. 'शी आन्सर्ड श्रूडली' म्हणजे उत्तर देण्याची तऱ्हा चाणाक्ष.

गेस, जज, इन्व्हेस्ट या क्रियापदांशी हा शब्द छान जमतो. 'ही स्टडीज श्रूडली' मात्र मी सहसा कापतो. अभ्यास मन लावून होतो, त्यात कसला डाव? अपवाद एकच. गेल्या 5 वर्षांचे पेपर चाळून नेमके तेवढेच धडे वाचणारा एक पोरगा माझ्याकडे आहे. त्याच्या वहीत ते वाक्य मी तसंच ठेवलं. बाकीची पोरं त्याला धूर्तच म्हणतात.