अंड्याला खिडकी पाडून हृदय कसं बघावं

भ्रूणशास्त्राची परीक्षा आली की भ्रूणाच्या तीन थरांचा तक्ता पाठ होतो: एक्टोडर्म या बाहेरच्या थरापासून मेंदू आणि त्वचा, मेसोडर्म या मधल्या थरापासून हृदय, मूत्रपिंड, स्नायू, एन्डोडर्म या आतल्या थरापासून आतड्याचं आणि फुप्फुसांचं अस्तर. तक्ता खरा आहे, पण कोणता अवयव आधी आणि का, हे त्यातून कळत नाही. कोंबडीच्या अंड्यात ते तीन दिवसांत डोळ्यांनी दिसतं. पशुवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी बघावंच.

दुकानातली अंडी आणू नका. लेअर फार्मवर, म्हणजे खायच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथे, कोंबडा नसतो, त्यामुळे ती फलित नसतात. गावरानी कोंबड्यांत कोंबडा सोडलेला असेल अशा घरून आठ-दहा ताजी अंडी घ्या. आणि नागपुरात हे काम डिसेंबर-जानेवारीतच करा. साधारण २० अंशांच्या खाली भ्रूणाची वाढ थांबून राहते. खोली तापलेली असली की ती अर्धवट सुरू होते. मी पहिल्यांदा मे महिन्यात अंडी आणून दोन दिवस कूलरसमोर ठेवली होती. नंतर उबवून उघडली, तर निम्मे भ्रूण मेलेले आणि उरलेल्यांचं वय तासांशी जुळेना.

सोमवारी संध्याकाळी ६ वाजता अंडी ३७.५ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये आडवी ठेवा, सोबत पाण्याची वाटी. वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली मारा. एरवी उबवताना अंडी फिरवतात, इथे हलवायचीसुद्धा नाहीत. बलक आपोआप फिरतो आणि भ्रूणाची चकती फुलीखाली येते.

बुधवारी सकाळी १० वाजता ४० तास होतात. एक अंडं काढा, कवच स्पिरिटने पुसा. बोथट टोकाला सुईने भोक पाडा, १८ गेजची सुई कवचाच्या तळाला धरून सिरिंजने २-३ मिली पांढरं ओढून घ्या. ही पायरी गाळली तर भ्रूण कवचाला टेकलेला राहतो आणि कात्रीत सापडतो. भोकावर आणि फुलीवर चिकटपट्टी लावा, मग बारीक कात्रीने फुलीभोवती दीड-दोन सेंटीमीटरची खिडकी कापा. कात्रीचं टोक वरच्या बाजूला राहू द्या.

आता भिंग धरा आणि घाई करू नका. फिकट चकतीच्या मध्ये एक पारदर्शक रेघ दिसेल, तिच्या दोन्ही बाजूंना मण्यांसारख्या जोड्या. हे सोमाइट, म्हणजे पुढे मणके आणि स्नायू होणारे मेसोडर्मचे ठोकळे. दर दीड तासाला साधारण एक जोडी वाढते, म्हणून वय घड्याळापेक्षा यांवरून मोजा. डोक्याच्या मागे उजवीकडे फुगलेली नळी हलताना दिसेल. तेच हृदय. दोन नळ्या मध्यरेषेवर जुळून ते झालेलं असतं आणि धडधड ३३ तासांच्या पुढेमागे सुरू होते. त्यावर कोमट सलाईनचे दोन थेंब टाका, अंडं गार झाल्यामुळे मंदावलेले ठोके पुन्हा जोर धरतात. मी हे कितीदा तरी पाहिलंय, तरी दरवेळी श्वास रोखला जातो.

हृदय इतक्या लवकर का? चकती पातळ असते तोवर अन्न आणि ऑक्सिजन पेशींपर्यंत झिरपतात. भ्रूण जाड झाला की ते पुरत नाही, बलकातून वाहून आणायला रक्त फिरावंच लागतं.

संध्याकाळी, ४८ तासांवर, दुसरं अंडं उघडा: डोकं वाकलेलं, डोळ्याची वाटी तयार. गुरुवारी संध्याकाळी पंख आणि पायांचे कोंब दिसतात. इथेच थांबा. उघडलेली अंडी फ्रीजमध्ये ठेवून नंतर जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाका.

गाईत हेच टप्पे आठवड्यांत घडतात. हृदयाचे ठोके चौथ्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीत दिसतात आणि साधारण ४५ दिवसांपर्यंत अवयवांची मांडणी चालते. गाभण गाईला पहिले ४५ दिवस अल्बेंडाझोल हे जंताचं औषध देऊ नये असं बाटलीवर लिहिलेलं असतं, ते याचसाठी. गोठ्यात जंताचं औषध काढण्याआधी रेतनाची तारीख विचारा.