गिटारच्या पिकपमधली गुणगुण घालवताना जुना सूर कसा राखावा

पावसाळ्यात वीज गेली आणि इन्व्हर्टर चालू झाला, की गोव्यात फोंड्यातल्या माझ्या कामाच्या खोलीत टांगलेल्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारची गुणगुण बदलते. विजेवर असताना तो आवाज जाड आणि सपाट असतो. स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीवर तोच कर्कश, करवतीसारखा होतो. साउंडवाले दोन्हींना ‘हमिंग’ म्हणतात. पिकप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेल्या तारेची कॉइल, आणि बदलणारे चुंबकीय क्षेत्र स्टीलच्या तारेच्या कंपनाने निर्माण झाले आहे की अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरमधून आले आहे, हा भेद तिला करता येत नाही. कळंगुटच्या शॅकमध्ये जनरेटर आणि दिव्यांचे डिमर जवळ असतात, तियात्राच्या, म्हणजे कोकणी नाटकाच्या, रंगमंचामागे जुन्या चोकच्या ट्यूबलाइटी असतात, आणि एकाच कॉइलचा पिकप हे सारे इमानाने ऐकवतो.

पिकपला हात लावण्यापूर्वी आवाज नेमका कोणता आहे ते ओळखावे. गिटार अ‍ॅम्पला जोडून जागेवरच हळूहळू गोल फिरावे. एका दिशेला आवाज जवळजवळ नाहीसा होत असेल आणि काटकोनात वळताच परत येत असेल, तर तो चुंबकीय आहे आणि त्यावर कॉइलच्या रचनेतच उपाय करावा लागतो. तारांना हात लावताच आवाज घटत असेल, तर तो विद्युत क्षेत्रातून येणारा आहे. त्याला तांब्याची पट्टी, नीट जोडलेली ग्राउंडची तार आणि घरातले खरे अर्थिंग पुरते. माझ्याकडे येणाऱ्या गिटारींपैकी बऱ्याच दुसऱ्या प्रकारच्याच असतात. तांब्याच्या पातळ पट्टीने ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र अडत नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावे लागते. शिवाय ती पट्टी कॉइलभोवती पूर्ण गुंडाळून तिची टोके जोडली, तर त्या बंद कड्यात प्रवाह फिरू लागतो आणि उंच स्वरांतली चमक मरते. म्हणून दोन टोकांमध्ये फट ठेवावी.

आता जुन्या सुराकडे वळू. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या पिकपमध्ये अल्निको या चुंबकी मिश्रधातूच्या सहा दांड्यांभोवती ४२ एडब्ल्यूजी या अमेरिकी मापाच्या, म्हणजे सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाडीच्या तारेचे आठ हजारांच्या आसपास वेढे असत. रोध सहा किलोओहमच्या जवळपास येतो आणि इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला कॉइल करते तो विरोध, साधारण २.३ हेन्री. बाजारात पिकप रोधाच्या आकड्यावर विकले जातात, पण सुराचा पत्ता त्यात नाही. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे २० अंशांना सहा किलोओहम दाखवणारा पिकप आपल्याकडच्या मे महिन्यात ३२ अंशांना ६.३ दाखवतो आणि गिऱ्हाईकाला तो ‘गरम’, म्हणजे जास्त जोराचा, पिकप वाटतो. सूर ठरवतो तो इंडक्टन्स आणि त्याला समांतर येणारा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) यांचा अनुनाद, म्हणजे ज्या वारंवारतेला सिग्नल सर्वांत उठून येतो ती जागा. पाच मीटर केबलचे अंदाजे ५०० पिकोफॅरड आणि कॉइलचे स्वतःचे १०० धरले, तर २.३ हेन्रीला अनुनाद ४.३ किलोहर्ट्झच्या आसपास बसतो. स्ट्रॅटची काचेसारखी किनार ती हीच. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी केलेल्या, १९५५ साली पेटंटसाठी अर्ज झालेल्या दोन कॉइलच्या, गुणगुण रद्द करणाऱ्या हमबकर पिकपचा इंडक्टन्स चार हेन्रींच्या वर जातो आणि त्याच केबलवर त्याचा अनुनाद तीन किलोहर्ट्झपर्यंत उतरतो; शिवाय तो तारेला दोन ठिकाणी ऐकतो. त्याचाही सूर सुंदर आहे, पण तो स्ट्रॅटचा नव्हे.

म्हणून माझी अट एवढीच असते, की गुणगुण घालवण्याच्या नादात इंडक्टन्स, चुंबकाचा जोर आणि तारेचा ऐकला जाणारा तुकडा या तीन गोष्टी हलू द्यायच्या नाहीत. थोडी गुणगुण राहिली तर मला चालते, मेलेला पिकप चालत नाही.

गुणगुण रद्द होण्यामागचे तत्त्व साधे आहे. तारेच्या कंपनाने मिळणाऱ्या सिग्नलची दिशा दोन गोष्टींवर ठरते: कॉइल कोणत्या दिशेने गुंडाळली आहे आणि चुंबकाचा कोणता ध्रुव वर आहे. बाहेरून येणाऱ्या गुणगुणीला चुंबकाच्या ध्रुवाशी काही देणेघेणे नसते. त्यामुळे दोन कॉइल उलट दिशांनी जोडून त्यांचे ध्रुवही उलट ठेवले, तर सिग्नलची बेरीज होते आणि गुणगुणीची वजाबाकी.

हे तत्त्व स्ट्रॅटच्या एवढ्याशा झाकणात बसवण्याची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे एकावर एक दोन कॉइल. वरची कॉइल गिटारची तार ऐकते, खालची फक्त गुणगुण. अडचण अशी, की एकाच दांडीवर असल्यामुळे खालची कॉइलही थोडा सिग्नल पकडते आणि तो उलटा असल्याने वरच्यातून वजा होतो. रोध वाढतो आणि वरच्या कॉइलला उंची कमी मिळते. मध्ये स्टीलची पट्टी घालून किंवा खालच्या कॉइलला स्टीलचा गाभा आणि कमी वेढे देऊन या दोषांवर उत्तम तोडगे निघालेले आहेत. पण ते घरच्या टेबलावर जमवणे कठीण आहे आणि माझे दोन प्रयत्न कापडाखालून ऐकू आल्यासारखे वाजले. नवा पिकप बांधायचा असेल, तर मी दुसरा मार्ग सुचवतो.

तो मार्ग १९५७ सालच्या प्रिसिजन बेसमध्ये दिसतो: अर्ध्या तारांसाठी एक कॉइल, उरलेल्यांसाठी दुसरी. सहा तारांच्या गिटारीत तीन-तीन दांड्यांच्या दोन छोट्या कॉइल एकाच झाकणात शेजारी बसवायच्या. याचा मोठा फायदा असा, की प्रत्येक तार एकाच कॉइलला आणि एकाच जागी ऐकू येते. प्रत्येक कॉइलला मूळ पिकपइतकेच वेढे दिले तर आवाजाची पातळी तीच राहते, आणि तीन दांड्यांच्या कॉइलचा इंडक्टन्स अंदाजे अर्धा असल्यामुळे दोन्ही ओळीने जोडल्यावर बेरीज पुन्हा मूळ आकड्याजवळ येते.

अडचण जागेची आहे. टोकाच्या दांड्यांमधले अंतर ५२.५ मिलिमीटर धरले, तर शेजारच्या दोन दांड्यांच्या मध्यांत १०.५ आणि दांडीची ४.८ मिलिमीटर जाडी वजा जाता ५.७ मिलिमीटरची फट उरते. तिसऱ्या आणि चौथ्या दांडीमधल्या त्या फटीत दोन्ही कॉइलच्या भिंती मावल्या पाहिजेत, म्हणजे प्रत्येकीला तीन मिलिमीटरही नाहीत. जुन्या पिकपची तार आठ हजार वेढ्यांत साडेचार मिलिमीटरपर्यंत फुगते. म्हणून तार बारीक घ्यावी लागते. ४४ एडब्ल्यूजी, म्हणजे सुमारे ०.०५ मिलिमीटरची तार घेतली, तर ११ मिलिमीटर उंचीच्या बॉबिनवर, म्हणजे तार गुंडाळायच्या साच्यावर, साडेसात हजारांच्या आसपास वेढे बसतात आणि दोन्ही कॉइलचा मिळून रोध आठ-नऊ किलोओहम भरतो. हा आकडा पाहून घाबरू नये. अनुनादाच्या शिखराची उंची मुख्यतः गिटारीतल्या २५० किलोओहमच्या व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटमुळे, म्हणजे फिरवायच्या रोधामुळे, ठरते. त्यापुढे या दोन-तीन किलोओहमचा परिणाम थोडा आहे.

तार घेताना मी स्वतः केलेली चूक सांगतो. मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका दुकानात जाऊन मी ‘बेचाळीस नंबर’ मागितली, मिळाली, आणि घरी बॉबिन तीन हजार वेढ्यांतच काठोकाठ भरला. आपल्याकडची दुकाने एसडब्ल्यूजी या ब्रिटिश मापाने तार विकतात आणि त्या मापात बेचाळीस म्हणजे ०.१ मिलिमीटर. अमेरिकी ४२ ला आपल्याकडची ४६ नंबर जवळची, ४४ ला ४७ नंबर. दोष दुकानदाराचा नव्हता; पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे अमेरिकी माप कुणी का मागावे? ते रीळ मी ठेवून दिले. पुढे त्याचा उपयोग झाला.

तार गुंडाळण्यासाठी शिवणयंत्राची पायाच्या पेडलने चालणारी मोटार उत्तम, कारण वेग टाचेखाली राहतो. चकतीवर एक छोटे लोहचुंबक आणि शेजारी रीड स्विच (चुंबक जवळ येताच जुळणारा स्विच) लावून तो जुन्या कॅल्क्युलेटरच्या ‘बरोबर’च्या बटणाला जोडला, की वेढे मोजले जातात. तार दोन बोटांत फेल्टच्या तुकड्यातून सोडावी. ४७ नंबरची तार श्वासानेही हलते; बोटांना ती जाणवेनाशी झाली की ताण कमी आहे आणि बॉबिनच्या कडेला आत ओढली जाऊ लागली की जास्त आहे, एवढ्या खुणेवर पहिले चार बॉबिन तुटेपर्यंत हात बसतो. थर अगदी शेजारी शेजारी लावण्यापेक्षा थोडे विखुरलेले असावेत, म्हणजे कॉइलचा कपॅसिटन्स आटोक्यात राहतो.

किनारपट्टीवर एक काळजी अधिक घ्यावी लागते. जुन्या पद्धतीत तार थेट उघड्या दांड्यांवर गुंडाळत. अल्निकोमध्ये लोखंड असते, खाऱ्या दमट हवेत ते गंजते आणि तो गंज आतल्या पहिल्या थरातल्या तारेवरचे इनॅमलचे आवरण खातो. जुने पिकप अचानक मुके होतात त्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. दांड्यांना आधी लॅकरचे दोन हात देऊन पूर्ण सुकवावेत किंवा त्यांवर पातळ टेपचा एक वेढा घ्यावा. सुराला त्याने काही होत नाही, निदान माझ्या कानांना तरी फरक ऐकू आलेला नाही.

दोन्ही कॉइल एकाच दिशेने गुंडाळाव्यात. एकीत उत्तर ध्रुव वर, दुसरीत दक्षिण. होकायंत्राने खात्री करावी. मग दोन्हींची बाहेरची, म्हणजे शेवटची टोके एकमेकांना जोडावीत. सुरुवातीचे एक टोक सिग्नलला आणि दुसरे ग्राउंडला जाते. जोडणी बरोबर आहे का हे काट्याच्या जुन्या मल्टिमीटरवर झटकन कळते: पिकपला मीटर लावून स्क्रूड्रायव्हर पहिल्या कॉइलच्या दांडीला चिकटवून ओढून काढावा, मग दुसऱ्या कॉइलच्या. काटा दोन्ही वेळा एकाच बाजूला उडाला पाहिजे.

यानंतर, सैल वेढे हलू नयेत म्हणून, मेण. पॅराफिनमध्ये पाचवा हिस्सा मधमाशांचे मेण मिसळून, पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून ६० ते ६५ अंशांवर वितळवावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण पंधरा-वीस मिनिटे, पिकप त्यात ठेवावा. मेण थेट गॅसवर ठेवू नये, ते पेट घेते.

गुणगुण किती गेली ते पाहण्यासाठी ट्रान्सफॉर्मरवाले जुने अडॅप्टर मीटरभर अंतरावर ठेवून आधी एक कॉइल आणि मग दोन्ही ऐकाव्यात. दोन कॉइलमध्ये दोन टक्के फरक राहिला, तरी एका कॉइलच्या गुणगुणीचा पन्नासावा भाग उरतो, म्हणजे ३४ डेसिबलची घट. ती मिळत नसेल, तर ज्या कॉइलवर वेढे जास्त आहेत तिचे पन्नास-पन्नास सोडत जावे. अर्थात हे मेणाआधीच केलेले बरे. या रचनेचा एक दोष प्रामाणिकपणे सांगायला हवा: तिसरी तार बरीच वर खेचली की ती दोन विरुद्ध ध्रुवांच्या मधल्या फटीवर येते आणि आवाज किंचित बसतो. ब्लूज वाजवणाऱ्यांना ते खुपते.

ज्यांच्याकडे खरेच जुना पिकप आहे, त्यांनी तो मुळीच उघडू नये. त्यांच्यासाठी वेगळी, बिनचुंबकाची कॉइल करावी, आणि इथे माझे चुकीचे रीळ कामी आले. कॉइल किती गुणगुण पकडते हे वेढे आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकारावर ठरते. स्ट्रॅटच्या कॉइलचे सरासरी क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटरही भरत नाही. तीच गुणगुण गिटारीच्या पाठीवरच्या स्प्रिंगच्या झाकणाएवढ्या, १४ बाय ८ सेंटिमीटरच्या कड्यात चारशेच्या आसपास वेढ्यांत मिळते. पिकपच्या दांड्या क्षेत्र थोडे एकवटतात म्हणून पाचशेपासून सुरुवात करावी. ०.१ मिलिमीटरच्या तारेचा रोध पाचशे ओहमच्या आत राहतो आणि इंडक्टन्स एक दशांश हेन्रीच्या आत, म्हणजे मूळ २.३ हेन्रीपुढे नगण्य. अनुनाद जिथल्या तिथे राहतो.

हे कडे पिकपच्या पातळीला समांतर, झाकणाच्या आतून चिकटवावे आणि पिकपच्या ग्राउंडच्या बाजूला ओळीने, गुणगुण कमी होईल अशा दिशेने जोडावे. वाढली तर दोन टोके अदलाबदल करावीत. तीनही पिकप एकाच दिशेचे असतील तर पिकप निवडायच्या स्विचच्या पाचही जागांवर एकच कडे पुरते. मधला पिकप उलट्या वेढ्यांचा असेल, तर दुसऱ्या आणि चौथ्या जागी गुणगुण आधीच रद्द झालेली असते आणि कडे ती उलट परत आणते. तिथे ते स्विचने बाजूला काढावे लागते. अ‍ॅम्पच्या अगदी जवळ उभे राहिल्यास क्षेत्र पुढून आणि मागून सारखे नसते, त्यामुळे थोडा आवाज उरतो. दोन पावले मागे सरकणे हाच त्यावर उपाय.

शेवटची जुळणी स्प्रिंगा, तारा, झाकण सारे जागेवर बसवून करावी, कारण स्टीलचे भाग कड्याजवळ आले की हिशेब सरकतो. कड्याला समांतर १० किलोओहमचा प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रोध, लावून, स्क्रूड्रायव्हर जाईल एवढे भोक झाकणात ठेवावे. अडॅप्टर मीटरभर अंतरावर चालू ठेवून, व्हॉल्यूम पूर्ण उघडून प्रीसेट हळूहळू फिरवला की एका जागी जाड आवाज विरतो आणि मागे फक्त अ‍ॅम्पची फुसफुस उरते. त्याच्या जराही पुढे गेले की गुणगुण परत येते. त्या जागेवर मी प्रीसेटला लाखेचा एक ठिपका देतो.