रंगावरून आई-लेकीत अबोला असेल तर

निपाणीकडे विड्या वळण्यात जिचं तारुण्य गेलं, त्या आईच्या लेखी लेकीचा उजळ रंग म्हणजे बिनहुंड्याचं स्थळ. ‘उन्हात जाऊ नकोस, काळवंडशील’ यात तिची भीती असते. लेकीला मात्र तिरस्कार ऐकू येतो.

बोलायचं ते हात कामात असताना, शेंगा फोडताना. पाहुण्यांसमोर कधीच नको. ‘तू नेहमी असंच करतेस’ म्हटलं की आई कष्टांचा पाढा वाचते आणि विषय बुडतो. एकच प्रसंग घ्या: ‘आई, काल काकूंसमोर माझ्या रंगावर बोललीस, मला लागलं.’ मग गप्प राहा. दुसऱ्या दिवशी विचारा, ‘तुला लहानपणी कोण काय म्हणायचं?’ हा प्रश्न सगळ्यात मोलाचा, घाई करू नका.

तिनं आणलेली गोरं करणारी ट्यूब मात्र लगेच तपासा. वेष्टनावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन दिसलं तर ते स्टेरॉइड. महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, लाली, पुरळ, लव वाढते. एकदम सोडलं तर चेहरा भडकतो आणि आई म्हणते, ‘बघ, लावत नाहीस म्हणून!’ त्यामुळे त्वचेच्या डॉक्टरांकडे दोघींनी मिळून जा, ट्यूब सोबत न्या, म्हणजे आई स्वतःच्या कानांनी ऐकेल.