एक टेबल, दोघं जण: प्रदर्शनात कापडी वस्तू विकताना

गोधड्या, पिशव्या, पाऊच, बटवे असा घरी शिवलेला माल प्रदर्शनात नेणारी जोडपी पुष्कळ. एकाकडे शिवण, दुसऱ्याकडे कापडखरेदी, गाडी आणि हिशेब. घरात हे न बोलता चालून जातं. स्टॉलवर मात्र 'ते तू बघशील असं वाटलं होतं' या एका वाक्याने पैसे जातात. म्हणून जागा बुक करण्याआधी वही घेऊन बसा.

आधी आकडे. समजा तीन दिवसांचं भाडं ६,००० रुपये, टेम्पो १,५००, दोघांचं चहा-जेवण ९००. झाले ८,४००. एका गिऱ्हाइकाचं बिल सरासरी ४०० रुपयांचं धरलं आणि त्यातून कापड, अस्तर, चेन, दोरा, शिलाई वजा जाता १८० उरत असतील, तर नुसता खर्च भरून यायला ४७ बिलं व्हायला हवीत, म्हणजे रोज सोळा. त्या जागी तेवढी वर्दळ असते का, हे आयोजकांना विचारू नका, मागच्या वर्षी स्टॉल लावलेल्यांना विचारा. आणि शिलाई फुकट धरू नका. पाऊचला चाळीस मिनिटं लागत असतील आणि तासाला ८० रुपये धरले, तर मजुरीच सुमारे ५३ रुपये होते. बायकोचे हात घरचेच म्हणून ही रक्कम शून्य धरणं ही या धंद्यातली सर्वांत जुनी चूक.

अर्ज कोणाच्या नावाने, हेही आधीच ठरवा. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात जागा महिला बचत गटांना मिळते. केंद्राच्या हस्तकला विभागाचं 'पहचान' ओळखपत्र प्रत्यक्ष काम करणाऱ्या कारागिराच्या नावाने निघतं. तेव्हा जो शिवतो त्याचीच कागदपत्रं तयार ठेवा. महाराष्ट्रात वस्तूविक्रीसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची आहे. माल घेऊन राज्याबाहेर जाणार असाल तर नियम बदलतात, करसल्लागाराला विचारूनच निघा.

मालात तीन पायऱ्या हव्यात: १००-१५० रुपयांचे पाऊच, ३५०-६०० च्या पिशव्या आणि अडीच हजारांच्या पुढची गोधडी. तीन दिवसांसाठी साधारण शंभर पाऊच, चाळीस पिशव्या, आठ-दहा गोधड्या पुरतात. गोधडी जागेवर कमी विकली जाते, पण माणसं थांबतात ती तिच्यापाशी. ती घडी घालून ठेवताना एक कोपरा उलटा मुडपून ठेवा. जाणकार बाई पहिल्यांदा मागचे टाके बघते. सुती कापड शिवण्याआधी धुऊन घ्या. इंडिगो किंवा गडद लाल छापाचा रंग पहिल्या धुण्यात उतरतो, कापड आटतं आणि अस्तर तसंच राहिलं की पिशवीला सुरकुत्या पडतात. ती पिशवी परत येते, किंवा येत नाही आणि गिऱ्हाईकही येत नाही.

टेबल बहुतेक सहा बाय दोन फुटांचं मिळतं. त्यावर सगळा माल पसरला की बाजारातला ढीग दिसतो. मागे जाळी उभी करून एस हुकांवर पिशव्या लटकवा, मुख्य माल डोळ्यांच्या उंचीवर आणा, जमिनीपर्यंत चादर सोडा आणि उरलेली खोकी तिच्याआड सरकवा. हॉलमधल्या दिव्यांत निळा काळा दिसतो, म्हणून दोन एलईडी क्लिप-दिवे आणि पाच मीटरची एक्स्टेन्शन सोबत हवी. पुण्यातल्या भीमथडी जत्रेसारखं डिसेंबरात मैदानावर भरणारं प्रदर्शन असेल तर दिवसा धूळ आणि पहाटे दव. रात्री माल प्लास्टिकने झाका, खोकी विटांवर ठेवा.

आता खरा मुद्दा. दोघंही टेबलामागे खुर्च्या टाकून मोबाइल बघत बसलेत, असं दृश्य दिसलं की लोक पुढे सरकतात. एकाने टेबलाच्या बाजूला उभं राहावं, बोलावं, वस्तू हातात द्यावी. दुसऱ्याने आत राहून पैसे, पॅकिंग, वही सांभाळावी. दर दोन तासांनी जागा बदला, नाहीतर चारनंतर आवाजही बसतो आणि हसूही. 'हे तुम्ही स्वतः शिवलंय?' हा प्रश्न हमखास येतो. उत्तर शिवणाऱ्यानेच द्यावं, जोडीदाराने मध्ये पडू नये. जेवायला एकेकट्यानेच जायचं, आणि दीड ते अडीच या वेळेत.

घासाघिशीत तर दोघांत एकच तोंड हवं. तिने ४५० सांगितले आणि त्याने मागून 'द्या हो ४००ला' म्हटलं, की पुढच्या गिऱ्हाइकालाही तेच ऐकू गेलेलं असतं. प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावा. सूट द्यायचीच तर एकच नियम ठेवा, उदाहरणार्थ तीन पाऊच घेतले तर ५० रुपये कमी. भवानी झाली नाही म्हणून सकाळी भाव पाडू नका. आणि एकमेकांच्या चुका गिऱ्हाइकासमोर काढू नका, ते घरी गेल्यावर.

क्यूआर कोड एकाच्या नावावर, पैसे आल्याचा मेसेज त्याच्या फोनवर आणि तो माणूस पार्किंगमध्ये, हा घोळ रोजचा. खात्याशी जोडलेला फोन स्टॉल सोडून हलता कामा नये, किंवा सरळ साउंडबॉक्स घ्या. गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असं नव्हे. हॉलमध्ये रेंज जाते, म्हणून दुसऱ्याच्या फोनवर वेगळ्या कंपनीचं सिम हवं. सुट्टे २,००० रुपये सकाळीच मोजून आणा: शंभराच्या सहा, पन्नासच्या दहा, वीसच्या वीस, दहाच्या पन्नास नोटा. किमती पन्नासच्या पटीत ठेवल्या की यातले निम्मे सुट्टे न लागता घरी परत येतात.

डिसेंबरातल्या प्रदर्शनात रोख विक्रीपेक्षा ऑर्डरची वही जास्त कमावते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाच्या वाणासाठी छोटे बटवे डझनांनी लागतात. ३० ते ६० रुपयांचे चार नमुने वेगळे मांडा, निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि तारीख देताना शिवणाऱ्यालाच बोलू द्या. नवऱ्याने उत्साहात कबूल केलेले दोनशे बटवे रात्री जागून शिवायचे असतात बायकोला.

रोज रात्री रोकड, यूपीआय आणि विकलेला माल असे तीन आकडे जुळवा. शेवटच्या दिवशी उरलेला माल मोजूनच खोक्यात भरा आणि आकडा खोक्यावर लिहा. घरी जाऊन मोजू म्हटलं की ती खोकी थेट पुढच्या प्रदर्शनाच्या आदल्या रात्री उघडतात.