बेस गिटार: चुकीच्या जागी बसलेला ब्रिज

३४ इंची स्केलचा (तारेची वाजणारी लांबी) बनवलेला पहिला बेस. मोकळी तार सुरात, पण बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) दाबली की स्वर चढा. सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकणारा सरकता तुकडा) अगदी मागे टेकवूनही फरक नाही, म्हणजे ब्रिजच (तारा बॉडीला धरणारा भाग) नेकच्या जवळ बसलेला. कारण साधं: माप नटच्या (नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकणारी खाचांची पट्टी) बाहेरच्या कडेपासून घेतलं होतं. ते नटच्या आतल्या, फ्रेटकडच्या कडेपासून घ्यायचं.

नट ते बारावा फ्रेट मोजा (इथे ४३१.८ मिमी) आणि दुप्पट करा: ८६३.६. जी (G, सर्वात बारीक) तारेचं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे आणून ते या रेषेवर ठेवा. ई (E, सर्वात जाड) तारेचं सॅडल साधारण ५-६ मिमी मागे जातं, तेवढी जागा मागे उरायलाच हवी.

ब्रिज ७ मिमी मागे न्यावा लागला. नवी भोकं जुन्यांना अर्धवट छेदणार, तिथे गिरमिट घसरतंच. आगपेटीच्या काड्या कोंबून भागत नाही. चारही तारांचा मिळून सत्तरेक किलोची ओढ त्या स्क्रूंवर असते. जुनी भोकं ८ मिमी करून सागाच्या खुंट्या लाकडी गोंदाने बसवल्या. बाजारातल्या गोल दांडीत स्क्रू लाकडाच्या रेषांच्या दिशेने जातो आणि पकड कमी मिळते, म्हणून प्लग-कटरने (फळीतून गोल खुंटी कापणारं ड्रिलचं पातं) आडव्या रेषांच्या कापलेल्या. गोंद रात्रभर वाळू द्या, मग ४ मिमीच्या स्क्रूला ३ मिमीचं भोक.

आणि ब्रिजखालची अर्थिंगची वायर! ती निसटली की तारांना हात लावला तरी गुणगुण थांबत नाही.